मासे धरताना मी तीनदा पडलो

मी आयुष्यात तीन वेळा पाण्यात पडलो आहे. त्यातल्या दोन वेळा मुद्दाम.

(मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दया दाखवायला सोपं जातं.)

त्याचं असं झालं की आई गेली आणि बाबांना आम्ही सावनेरजवळच्या गावाहून शहरात, मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. बाबा कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू होते. हजारो माणसांची हजेरी घेतलेला हा माणूस आता पाच महिने आमच्या गॅलरीत एकटाच हजर होता. भांडण नाही, तक्रार नाही, आजारही नाही.

"बाबा, चहा?"

"ठेव."

"टीव्ही लावू?"

"लाव."

"बंद करू?"

"कर."

जेवणात अर्धी पोळी. तिचीही पाव व्हायला लागली तेव्हा मी घाबरलो आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "शरीर ठीक आहे. मन लागत नाहीये त्यांचं. बाहेर काढा, आवडीचं काहीतरी करू द्या. असंच चाललं तर कठीण आहे." हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले.

माझी बायको रंजना सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, "मामाजी लहानपणी नदीत मासे धरत होते ना? मंग न्या की त्याइले मासे धरायले!"

मला मासे धरण्याचा काहीही अनुभव नव्हता. पण अनुभव नसलेल्या गोष्टीत मी जास्त उत्साही असतो. मी ऑनलाइन रॉड मागवली, खिसेच खिसे असलेलं जॅकेट मागवलं, रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले आणि बेसन, हिंग आणि व्हॅनिला इसेन्स एकत्र मळून माशांसाठी गोळ्या केल्या. (त्यातल्या चार आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी खाल्ल्या. त्यांना आवडल्या. माशांना नाही.)

दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. कधी सावनेरच्या वाटेवर कोलार नदी, कधी बेसा गावाच्या पुढचा तलाव. बाबा घडीच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसायचे आणि मी पाण्याकडे बघत बसायचो. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी काही नाही. तिसऱ्या रविवारी रॉड वाकली! मी ओरडत, नाचत, चक्री फिरवत ओढलं, तर गळाला हिरवा खण आणि त्यात बांधलेला नारळ! कुणीतरी देवीची ओटी भरून नदीत सोडलेली होती.

घरी सांगितलं तर रंजनाचा चेहरा उतरला. "देवीची ओटी वापस काढली तुमी? असं करते का कोणी?" दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी काढलेली ओटी आणि वर नवा खण, नवा नारळ नदीत सोडून माफी मागून आलो. म्हणजे हिशेबाने तोवर मी नदीतून एक नारळ काढला होता आणि दोन टाकले होते.

बाबांची पोळी पावच राहिली.

चौथ्या रविवारी, कोलारवर, डिसेंबरच्या कडाक्यात, मी जोरात गळ फेकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गळ माझ्याच पाठीला, जॅकेटमध्ये अडकला होता. तो काढायला मी मागे हात नेला, हात पुरेना म्हणून स्वतःभोवती फिरलो, दोरी पायांना गुंडाळली गेली, पाय शेवाळलेल्या दगडावर पडला आणि मी बसल्या स्थितीत नदीत गेलो! पाणी कमरेइतकंच होतं, पण बसलेल्या माणसाला कमरेइतकं पाणी नाकापर्यंत येतं. पलीकडे चार म्हशी डुंबत होत्या. त्यांच्यातली एक उठून उभी राहिली.

आणि मग मला हसण्याचा आवाज आला.

बाबा हसत होते. गुडघ्यांवर हात आपटून, डोळ्यांतून पाणी काढून, कवळी पडू नये म्हणून ती हातात काढून घेऊन हसत होते! इतक्या महिन्यांनी! मी नाकातोंडातलं पाणी काढत तिथंच बसून राहिलो. उठलो तर ते थांबतील अशी भीती वाटत होती.

परतीच्या सगळ्या रस्त्यात ते मधूनच आठवून हलायचे. "म्हैस... म्हैस उठून उभी झाली गा!" मी कुडकुडत गाडी चालवत होतो आणि इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

घर आलं. रंजनाने दार उघडलं. बाबा चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेले. दारात थोडा वेळ उभे राहिले. मग वळले आणि गॅलरीत जाऊन बसले.

"बाबा, चहा?"

"ठेव."

थकले असतील, असं आम्ही समजलो. पण हसले होते, हे खरं होतं. मी रंजनाला सगळं करून दाखवलं.

"मंग पुन्हा पडा," ती म्हणाली.

"काय?"

"त्याइले हसू येते तर पडा ना. काय बिघडते?" (नवऱ्याला पाण्यात पाठवायला बायका किती पटकन तयार असतात, याची नोंद घ्यावी.)

पुढच्या रविवारी बेसाच्या पुढच्या तलावावर मी तयारीनिशी पडलो. आधी काठीने खोली मोजली. घड्याळ आणि पाकीट एका दगडाखाली ठेवलं. स्वेटर काढून नीट घडी घालून ठेवला. मग "अरे! अरे! अरे!" असं तीनदा म्हणून पडलो.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "लागलं काय?"

"नाही."

"हं."

एवढंच. घरी रंजनाने माझी उलटतपासणी घेतली आणि कपाळाला हात लावला. "स्वेटरची घडी केली तुमी? पडणारा मानूस स्वेटरची घडी करते? अन् तीनदा अरे म्हणते? मनातून पडा जरा!"

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी, त्याच तलावात, मी मनातून पडलो. स्वेटर, जॅकेट, बूट सगळं घालून, न बोलता, धावत जाऊन! आणि आदल्या वेळी काठीने मोजलेली जागा ही नव्हतीच. पायाखाली काही लागेना. जे लागलं तो चिखल होता, आणि त्यात पाय गेला तो येईना. जॅकेटचे सगळे खिसे भरले. मी वर आलो, खाली गेलो, पुन्हा वर आलो. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात एकच विचार आला, की बाबा आता खरंच एकटे राहणार.

काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या सोमाजी नावाच्या मासेमाराने उडी मारली आणि माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. (त्या तलावातून कॉलर धरून काढलेला मी एकटाच.) सकाळी फिरायला आलेली पंधरा-वीस माणसं जमली. कुणी पाठ चोळली, कुणी थर्मासमधला चहा पाजला.

सोमाजी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घरी काही टेन्शन हाय काय?"

"नाही हो! पाय घसरला."

"मागच्या इतवारीबी तुमीच होते. हातातली घडी काढली, पाकीट गोट्याखाली ठेवलं, स्वेटर काढला. तवाच मले डाऊट आला होता. असं नाई करा लागत, भाऊ."

"अहो, मी मासे धरायला..."

"मासे धरायले मानूस पाण्यात पयत जाते काय?"

एक बाई म्हणाल्या, "बोलून मोकळं व्हावं. मनात ठेवू नये." एका गृहस्थांनी मला प्राणायाम शिकवायला घेतला. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, त्या म्हाताऱ्या बापाकडे तरी पाहायचं होतं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. बाबा पाण्याच्या अगदी काठाला उभे होते. धोतराचा काठ भिजला होता. हातात तरंगत आलेला माझा एक बूट होता.

आम्ही गाडीतून घरी निघालो.

"मुद्दाम पडला तू," बाबा म्हणाले.

"हो."

"दोन्ही खेपा?"

"हो."

"काहून?"

"त्या दिवशी कोलारवर तुम्ही हसलात म्हणून."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "खाणीत दिवसभर काय काय होये. पण मी तिथं कधी हासलो नाई. संध्याकाळी घरी आलो का तुह्या आईले सांगो. ती हासे, मंग मी हासो. चाळीस वर्सं असंच. कोलारवर तू पडला अन् मले वाटलं, आता घरी जातो अन् हिले सांगतो. रस्ताभर जुळवून राहिलो होतो, कसं सांगाचं. पार सैपाकघरात गेलो सांगायले."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. ओल्या कपड्यांत रडताना एक सोय असते, कुणाला कळत नाही. बाबांना कळलं. त्यांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला.

घरी मी रंजनाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तुरीच्या शेंगांचं टोपलं उचललं आणि गॅलरीत बाबांच्या खुर्चीसमोर फतकल मारून बसली.

"मामाजी, हे कोलारवर पडले कसे नेमके?"

"त्यालेच विचार."

"ते खोटं सांगतात. म्हणे दगड हलला."

बाबांनी खाली वाकून मूठभर शेंगा घेतल्या. एक सोलली, दुसरी सोलली. "दगड काय हलते! दगड होता तिथंच होता. हा आधी स्वतःच स्वतःच्या गळाले लागला..."

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. त्या गोष्टीत पाणी गळ्याइतकं होतं, म्हशी चाराच्या चौदा झाल्या होत्या, त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि मी त्यांच्यातल्या एकीला नमस्कार केला होता. रंजना शेंगांचं टोपलं बाजूला ठेवून, पदराने डोळे पुसत हसत होती. बाबा हसले नाहीत. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हसायची थांबली तेव्हा म्हणाले, "तुही सासू असती तर तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगाले लावलं असतं."

"मंग सांगा ना पुन्हा," रंजना म्हणाली.

त्यांनी सांगितलं. त्या रात्री त्यांनी एक पोळी पूर्ण खाल्ली. पानात शेवटचा तुकडा उरला तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो.

सगळं काही सुधारलं असं नाही. अजूनही कित्येक दिवस "ठेव" आणि "कर" यावरच जातात, आणि बाबा पुन्हा तसे हसलेले नाहीत. पण रविवारी मी हाक मारायच्या आधीच ते मफलर बांधून तयार असतात, आणि संध्याकाळी रंजना काहीतरी निवडायला घेऊन त्यांच्यासमोर बसते.

परवा कोलारवर माझ्या गळाला मासा लागला. खरा, जिवंत, वीतभर लांब! मी न पडता, न अडकता, अगदी व्हिडिओत दाखवतात तसा तो बाहेर काढला आणि नाचत बाबांपुढे धरला. बाबांनी माशाकडे बघितलं, माझ्या कोरड्या कपड्यांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आता घरी जाऊन काय सांगू मी?"

आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी नीट जमलं होतं, आणि नेमकं त्यातच सांगण्यासारखं काही नव्हतं.