मार्गशीर्षातल्या गुरुवारी उघडलेलं दार

सोलापुरात सात रस्ता चौकात पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती आणि क्लीनर माझ्या बॅगा डिकीत ढकलत होता, तेव्हा अण्णांनी मला बाजूला घेतलं. अण्णा म्हणजे माझे वडील. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून नुकतेच रिटायर झाले होते. सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतून निघून कुर्डुवाडीला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, याच्यापलीकडे त्यांनी फारसा प्रवास केलेला नव्हता, आणि पोरगी निघाली होती अमेरिकेला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. ते म्हणाले, "हे बघ वैशू, पोचलीस की फोन कर. पन आईला काय बी वाईट कळवायचं न्हाय. चांगलं तेवढंच सांगायचं." मी मान हलवली आणि गाडीत चढले.

सोळा वर्षं मी ती आज्ञा इमानेइतबारे पाळली. पहिल्या वर्षी नोकरी गेली, तेव्हा फोनवर प्रमोशनची स्वप्नं सांगितली. तिकडूनही तोच कारभार होता. अण्णांची अँजिओप्लास्टी झाल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, तेही चुलतबहिणीच्या तोंडून निसटलं म्हणून. तुम्ही जे तिकडे राहिलात आणि आम्ही जे इकडे आलो, आपण सगळे रोज तासभर एकमेकांशी बोलतो आणि हातचं राखून बोलतो. तुम्हीही लपवता, आम्हीही लपवतो, आणि या लपवालपवीला माया म्हणतो. मीही म्हणायचे. आता म्हणवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी आणि माझा नवरा महेश एका थंड शहरात, जुन्या लाकडी दुमजली घरात भाड्याने राहतो. खाली आम्ही, वर एलेना, तिचा नवरा मार्को आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी लूस. रस्त्यावरचं दार सगळ्यांचं एकच. ते उघडलं की छोटा पॅसेज, डावीकडे आमचं दार आणि समोर वर जाणारा जिना. मार्को घरांची छपरं दुरुस्त करायचा. बर्फ पडला की कुणी न सांगता आमच्याही पायऱ्या साफ करून द्यायचा. तो या देशात अठरा वर्षं होता, आणि त्याच्याकडे कागद नव्हते. हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. मी स्वतः अजून वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारी होत चालले आहे. कागदांची गोष्ट कुणाकडे काढायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको.

अण्णा गेले. वर्षश्राद्ध उरकून आई चार महिन्यांसाठी माझ्याकडे आली. ती मूळची मंगळवेढ्याकडची, जीभ अजून तिथलीच. दोन दिवसांत तिने मार्कोला मारुती करून टाकलं, कारण म्हणे असलं राकट पोरगं दुसरं कोण असणार. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिने जिन्यावरूनच त्याच्या हातात दिली. तो घामाघूम होत खायचा आणि आणखी मागायचा. आई मराठीत बोलायची, तो स्पॅनिशमध्ये, आणि दोघांचं काही अडत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आमचं शहर रिकामं व्हायला लागलं. माणसं कुठे गेली नव्हती, घरातच होती. मार्कोनेही कामावर जाणं सोडलं होतं. पडदे ओढलेले, आत दिवे बंद. कोपऱ्यावरचं मेक्सिकन किराणा दुकान उघडं असायचं, भाज्या नीट मांडलेल्या असायच्या, आणि आत एक माणूस नसायचा. शाळेची बस थांब्यावर येऊन उभी राहायची, दार उघडायचं, कुणी चढायचं नाही, दार बंद व्हायचं. एकदा कामावरून येताना रस्त्याच्या मधोमध एक गाडी उभी दिसली. इंजिन चालू, वायपर चालू, ड्रायव्हरचं दार उघडं आणि सीटबेल्ट बाहेर लोंबत होता. कपात कॉफी होती. मी वळसा घालून पुढे निघून आले. घरी येऊन आईला म्हटलं, आज ट्रॅफिक नव्हतं.

इमिग्रेशनची माणसं काळ्या काचांच्या गाड्यांतून, तोंडाला फडकी बांधून फिरत होती. सरकार म्हणत होतं की हे सगळं तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे, आणि टीव्हीवर गुन्हेगारांचे फोटो दाखवत होतं. गुन्हेगार सापडले असतीलही. आमच्या गल्लीतून मात्र गेला तो टायर बदलणारा एक माणूस आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी एक बाई. मग लोकांनी शिट्ट्या वाटल्या. तसली गाडी दिसली की पहिल्याने शिट्टी मारायची, ऐकणाऱ्याने पुढे मारायची. भर दुपारी, बर्फाच्या शांततेत, दुरून एक शिट्टी यायची, मग दुसरी जवळून, आणि मग पुन्हा काहीच नाही. ती शांतता शिट्टीपेक्षा वाईट होती.

आईने विचारलं, "हितं गुरखा हाय का गं? दिवसाचा बी फिरतोय?"

आमच्या पेठेत गुरखा शिट्टी मारत फिरायचा, आणि ती ऐकली की आई कूस बदलून निवांत झोपायची. शिट्टी म्हणजे राखण आहे, हे तिचं साठ वर्षांचं ज्ञान. मी भाजी चिरत होते. तोंड वर न करता म्हटलं, "हो, तसंच समज." तीन शब्दांत काम झालं. तिला बरं वाटलं, मला सुटल्यासारखं झालं.

रस्त्यावरच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. दार बंद असेल तर न्यायाधीशाच्या सहीच्या हुकमाशिवाय कुणी आत येऊ शकत नाही, म्हणून कुणालाही दार उघडू नका, असं त्यावर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं. मराठीत कोण लिहिणार? ते माझं काम होतं. शाळेतून आल्यावर या दाराला कडी लावणं हे लूसचं काम, तिच्या बापाने नेमून दिलेलं. वरचं दार नुसतं लोटलेलं असायचं, सगळा भरवसा या कडीवर.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. आईने सकाळीच घट मांडला होता, पाटावर, आमच्या टीव्हीशेजारी. एरवी ती दिवेलागणीला आमचं आतलं दार पाच मिनिटं उघडं ठेवायची. तिन्हीसांजेला दार लावून बसलं की लक्ष्मी माघारी जाते, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. पण त्या दिवशी तिला वाटलं, आतलं दार उघडून काय उपयोग, लक्ष्मी काय जिन्यातनं येणार हाय? तिने पॅसेजमध्ये तांदळाच्या पिठाने छोटी छोटी पावलं काढली, रस्त्याच्या दारापासून आमच्या घटापर्यंत, आत येणारी. मग कडी काढून रस्त्यावरचं दार उघडलं आणि घटापुढे येऊन बसली. साडेचार वाजले होते, बाहेर अंधारून आलं होतं. शिट्ट्या अगदी जवळ वाजत होत्या. म्हणजे गुरखा दारातच आहे, काळजी नाही.

पुढचं तिनेच मला सांगितलं, अगदी सहज. चौघं आली, तोंडं बांधून. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीवर बसणारी निम्मी माणसं तोंड बांधूनच फिरतात, तिला त्यात काय वाटणार. मारुतीच्या कामावरची असतील, असं तिला वाटलं. ती चौघं वर गेली. जरा वेळाने मारुतीला मधे घेऊन उतरली. त्याच्या पायात मोजे होते, बूट नव्हते. आमच्या उघड्या दारातून त्याने आईकडे पाहिलं, आणि आई बसल्या जागेवरून त्याला म्हणाली, "सावकाश उतर बाबा, पायरी निसरडी हाय." त्याने मान डोलावली.

मी सव्वापाचला पोचले तेव्हा गल्लीत दहा-पंधरा माणसं फोन धरून उभी होती. घराचं दार सताड उघडं, आत बर्फ उडून आलेला. पॅसेजमध्ये पिठाची पावलं होती आणि त्यांच्यावर बुटांचे ठसे होते, तेही आतच येणारे. लूस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. ती माझ्याकडे न बघता त्या कडीकडे बघत होती. आत घटापुढे दिवा लागलेला आणि आई प्रसन्न होती. मी काय केलं ते सांगते. लूसला वर नेऊन बसवलं, एलेनाला फोन लावला, आणि ती कामावरून यायच्या आत ओल्या फडक्याने सगळा पॅसेज पुसून काढला.

आईला सांगितलं की मार्कोला दुसऱ्या गावी काम लागलं. ती रुसली. सांगून जायला काय झालं होतं मारुतीला, म्हणाली.

त्या दिवसापासून कडीचा आवाज सुरू झाला. लूस शाळेतून आली की दार लावायची. मग कडी काढून परत लावायची. वर जायची, दोन मिनिटांनी खाली यायची, पुन्हा कडी. आमच्या भिंतीतून तो खट्ट आवाज येत राहायचा. मी मोजायचं सोडून दिलं. वरून एकदा एलेनाचा आवाज ऐकला, त्यात दाराचा स्पॅनिश शब्द होता आणि मुलीचं नाव होतं. नंतर रडणं, नंतर काही नाही. आई विचारायची, ती पोरगी सारखी कडी का वाजवतीया. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला सगळं कळत होतं, आणि मी तोंड शिवून बसले होते. आईचं नाव पुढे येईल याची भीती होतीच, पण माझा व्हिसा, माझी नोकरी, या भानगडीत आपलं नाव नको, हीसुद्धा भीती होती. ती कमी नव्हती. संक्रांतीला आई सोलापूरला परत गेली.

त्यानंतरच्या शनिवारी शहरात मोर्चा निघाला. हजारो माणसं, नाकातून वाफा, हातात फलक, आणि विचित्र म्हणजे बराच वेळ घोषणा नाहीत, नुसता बर्फावर बुटांचा कचकच आवाज. मी फूटपाथवर उभी होते, फोटोत येऊ नये म्हणून तोंडाला स्कार्फ बांधून. चौकात मोर्चा थांबला आणि कुणीतरी लूसच्या हातात भोंगा दिला. तिच्या गळ्यात बापाचा फोटो होता. ती म्हणाली, "दार लावायचं काम माझं होतं. मी लावलं होतं असं मला आठवतं, पण मी विसरले असणार."

लोक ओरडायला लागले, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. सगळा चौक ते म्हणत होता, आणि ती एकाचंही ऐकत नव्हती. त्यांना कुणालाच काही माहीत नव्हतं, ते नुसतं चांगुलपणाने म्हणत होते. माहीत होतं ते एका बाईला, आणि ती तोंड बांधून फूटपाथवर उभी होती. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

संध्याकाळी मी वर गेले. एलेनाने दार उघडलं, लूस तिच्या मागे होती. मी लूसला म्हटलं, "तू दार लावलं होतंस. मी मधेच घरी येऊन परत बाहेर गेले होते, मी ते उघडलं."

तिने विचारलं, "का?"

मी सांगायला लागले. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लावताना दार उघडं ठेवतात, घरात चांगलं यावं म्हणून. इंग्रजीत ते फार भयंकर ऐकू आलं. एलेनाने मुलीला जवळ ओढलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं, हळूच, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी कडी एकदाच वाजली. त्यानंतर रोज एकदाच वाजते.

मार्कोला त्याच्या देशात पाठवलं. एलेना आता जिन्यात भेटली की भिंतीकडे बघून जाते. पायऱ्यांवरचा बर्फ मी काढते, त्यांच्याही.

हे सगळं लिहून झालं आणि वाटलं, छापून आलं तर आई वाचणारच. तिला दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्याआधी आपणच वाचावं. म्हणून परवा फोनवर शब्दन् शब्द वाचला. मध्ये पेठेतली भाजीवाली ओरडत गेलेली ऐकू आली, तेवढंच. मी म्हटलं, आई, चूक तुझी नाही, मी तुला सांगितलं नाही. ती म्हणाली, "ते मला कळतंय. माझ्या मनाचं मी बघीन." मी घाबरले. आता हिला झोप लागणार नाही, अण्णांनी करू नको म्हणून सांगितलं होतं तेच मी केलं, असं वाटलं.

मग तिचा आवाज आला, नेहमीचा, कामं सांगतानाचा.

"उद्या वर जा आन् खरं सांग. म्हण, म्हातारीनं उगडलं. माझ्यावर राग धरला तर धरू दे, मी लांब हाय. तुला तितं त्यांच्या शेजारी ऱ्हायचंय की. तुजं घर हाय ते."

सोळा वर्षं ती माझ्या घराला नुसतं "तिकडं" म्हणत आली होती.