धुरपतबाईच्या कागदावरच्या शेळ्या

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी साचतात. एक फायली आणि दुसरे किस्से. फायलींना वाळवी लागते, किस्स्यांना लागत नाही. मी तीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली. आता रिटायर झालोय, तेव्हा सांगायला हरकत नाही. मात्र तालुक्याचं नाव विचारू नका आणि खात्याचंही. हिंगोली जिल्ह्यातलं, शेळ्या वाटणारं ऑफिस म्हणा!

ऑफिसात साहेब. योजनेचं टेबल बाबूरावाकडं. दाराशी शिपाई सय्यदभाई. आणि माहितीचा अधिकार नवा नवा आला त्या सुमारास आमच्या नशिबी आली धुरपतबाई.

* * *

धुरपतबाई जवळच्या तांड्यावरची. नवरा वारलेला. दसरा झाला की सगळा तांडा ऊसतोडीला कारखान्यावर निघायचा आणि बाईबरोबर तिच्या पोरीलाही जावं लागायचं. पोरगी सातवीत. विधवा बायकांना दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतो असं बाईनं ऐकलं होतं. शेळ्या मिळाल्या तर घरी राहू, पोरीची शाळा सुटणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. अर्ज घेऊन ती बाबूरावापुढं उभी राहिली.

बाबूरावानं रजिस्टर उघडलं. "बाई, तुम्हाला मागच्या सालीच मिळाल्यात. हा बघा तुमचा अंगठा."

"अंगठा? साक्षरतेच्या वर्गात शिकल्यापास्नं मी सही करते, भाऊ."

"ते काही असो. रेकॉर्डला दहा शेळ्या, एक बोकड तुमच्याकडं आहे."

बाईनं पदर सारखा केला. "बरं हाय. मग त्या कुठं चरून राहिल्या तेवढं सांगा. जाता जाता घरी घेऊन जाते!"

* * *

त्या दिवशी तिला हाकललं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर सुबाभळीच्या पाल्याचा भारा घेऊन हजर. भारा तिनं ऑफिसच्या पायरीवर टाकला.

साहेब बाहेर आले. "हे काय आहे?"

"माझ्या शेळ्या तुमच्या कपाटात हायेत न्हवं? कागदावरच्या असल्या म्हणून काय झालं, उपाशी काहून ठेवायच्या?"

मग दर बाजाराला भारा. साहेबांचा संताप वाढत गेला. एक दिवस त्यांनी सय्यदभाईला बोलावलं. "उद्यापासून त्या बाईला गेटच्या आत घ्यायचं नाही!"

सय्यदभाई जागचा हलेना. हात जोडून म्हणाला, "साब, इत्ते में मत रोको. वो पाला मेरी बकरी खा रही. गाभन है बिचारी!"

* * *

शेवटी साहेबांनी निर्णय घेतला. "बाबूराव, त्या बाईच्या शेळ्या मारून टाका."

कागदावर हो! बाबूरावानं लिहिलं, वीज पडून मेल्या. साहेब म्हणाले, अहो, महिनाभरात आभाळात ढग दिसला नाही, कुठली वीज? मग लिहिलं, पुरात वाहून गेल्या. तांडा माळावर! तिथं प्यायला पाणी नाही. तेव्हा बाबूरावानं पेन झटकलं आणि एका रात्रीत अकराच्या अकरा जनावरं बिबट्याला खाऊ घातली.

कागदाची एक प्रत नियमाप्रमाणं वनखात्याकडं गेली. एका रात्रीत अकरा जनावरं खाणारा बिबट्या म्हटल्यावर तिकडं धावपळ उडाली. आठ दिवसांत तांड्यावर पिंजरा आला आणि आमच्या ऑफिसात पत्र. "पिंजऱ्यात बांधण्यासाठी आपल्या खात्यामार्फत एक शेळी तात्काळ पुरवावी."

साहेबांना स्वतःच्या खिशातून बाजारातली शेळी घ्यावी लागली. त्या योजनेत विकत घेतलेली ही पहिली आणि शेवटची खरी शेळी!

महिना झाला, बिबट्या काही आला नाही. वनवाल्यांनी पिंजरा उचलला आणि शेळी न्यायला आमच्या ऑफिसातून कोणी गेलं नाही. धुरपतबाई मला रस्त्यात भेटली. म्हणाली, "भाऊ, साहेबाला सांगा, एक पोचली. उरलेल्या बी अशाच एक एक करून पाठवा म्हणावं."

'बिबट्याचा वावर आढळला नाही' असा वनखात्याचा शेरा आला. मग बाबूरावानं सगळ्या शेळ्या पुन्हा जिवंत केल्या.

* * *

तोवर धुरपतबाईला माहितीचा अधिकार कळला होता. पाटीवर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात तिनं अर्ज दिला. वाटपाच्या वेळी काढलेले फोटो दाखवा.

फोटो दाखवावे लागले. चाळीस बायका, चाळीस फोटो आणि सगळ्या फोटोंत तीच कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी! बाईनं शेळीकडं नुसतं पाहिलं. स्वतःच्या नावाच्या फोटोवर मात्र ती थांबली. फोटोतल्या बाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

"ही कोण?"

"तुम्हीच की," बाबूराव म्हणाला.

"मालक गेल्यापास्नं मी पायात जोडवी घालीत न्हाई. हिच्या पायात नवा जोड दिसून राहिला."

बाबूराव घामाघूम. कारण ती त्याची बायको होती. 'नुसतं शेळीजवळ उभी राहा' म्हणून त्यानं तिला आणली होती. गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली आणि संध्याकाळी घरी पोचली. वहिनींनी दार लावून घेतलं आणि आतून ओरडल्या, "सरकारच्या कागदावर मला विधवा केलीत? म्हणजे तुम्ही मेलात! मेलेल्या माणसाला मी जेवायला वाढत नाही!"

बाबूराव आठ दिवस खानावळीत जेवला. आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, मला लाजही वाटत होती. त्या चाळीस नावांचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते आणि मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

* * *

बाईनं फोटोंच्या नकला हिंगोलीला धाडल्या आणि दसऱ्याच्या दोन आठवडे आधी तपासणी लागली. साहेबांनी सासऱ्याच्या शेतावरून दहा शेळ्या आणि एक बोकड आणवले. बेत सोपा होता. जनावरांचा टेंपो पुढं, तपासणी अधिकाऱ्यांची जीप मागं. एका गावात मोजणी झाली की साहेबांनी त्यांना चहाला बसवायचं, तेवढ्यात टेंपो पुढच्या गावात. रजिस्टर घेऊन मी जीपमध्ये होतो.

पहिल्या गावात जमलं, दुसऱ्यातही जमलं. शेळ्या इतक्या तरबेज झाल्या की ड्रायव्हरनं फळी लावली की आपापल्या चढून उभ्या राहायच्या!

तिसरा धुरपतबाईचा तांडा. "एका तासाचं काम आहे, फक्त व्हय म्हणा," असं बाबूरावानं धुरपतबाईला आधीच बजावलं होतं. आम्ही पोचलो तर शेळ्या तिच्या अंगणात, दाव्याला बांधलेल्या. बाईनं प्रत्येकीच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद लावली आणि भाकरीचा तुकडा भरवला. नवीन जनावर घरात घेताना आमच्याकडं असंच करतात.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, या तुमच्याच ना?"

"साहेब म्हणतील तसं," बाई म्हणाली आणि साहेबांकडं पाहत राहिली. सगळा तांडा पाहत होता.

"यांच्याच आहेत सर," साहेब म्हणाले. "शंभर टक्के."

पंचनामा झाला. खाली साहेबांची सही, बाईचीही टपोरी सही. जीप निघाली. मागं काय झालं ते ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. त्यानं फळी लावली, तर बाई दारात आडवी. "हळद लावलेलं जनावर त्याच दिवशी घराभाईर काढीत न्हाईत. आन् साहेबानं आत्ताच लिहून दिलं, तुमच्या देखत!" मग थोडा विचार करून तिनं एक शेळी सोडून त्याच्या हातात दिली. "ही न्या. बिबट्याची एक आधीच आलीय. मला जास्तीची नको."

चौथ्या गावात आम्ही पोचलो. टेंपो आला. त्यातून एकटी शेळी उतरली, कपाळाला ओली हळद. अधिकाऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाले, "चहा नको आता."

साहेब तरीही ठाम! जनावरं तांड्याच्या बाईची होती, इथली चरायला गेलीत, असा त्यांनी लेखी खुलासा दिला. बाकी पुरावा कुठाय, असं आम्हालाच विचारू लागले. इकडं बाबूराव तांड्यावर निरोप धाडत होता. शेळ्या सोड, नाहीतर चोरीची केस करतो. दसरा जवळ आला होता. बाई हादरली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दर सकाळी ती ऑफिसात येऊन बसायची.

* * *

चौथ्या दिवशी एसटीनं एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला फेटा, हातात काठी, घामानं डबडबलेले. साहेबांचे सासरे! साहेब हिंगोलीला गेले होते आणि बाबूराव चहाला. म्हातारे सरळ माझ्या टेबलाशी आले.

"जावई फोन उचलून नाही राहिला. मी काय गप बसतो व्हय? घ्या अर्ज."

मी वाचला. 'माझे जावई यांनी तपासणीत दाखवायला म्हणून माझ्या मालकीच्या दहा शेळ्या व एक बोकड नेला तो आजतागायत परत केला नाही. एक शेळी परत आली ती पिवळी आहे. तरी सरकारनं माझी जनावरं परत द्यावीत.' खाली सही आणि गावच्या सरपंचाची साक्ष.

"आजोबा," मी म्हणालो, "हा अर्ज नक्की द्यायचाय?"

"काहून? भितो का कुणाला? मारा शिक्का! आन् मला पोच द्या!"

मी शिक्का मारला. आवक नंबर टाकला. तीस वर्षांत इतक्या जोरात शिक्का मारल्याचं मला आठवत नाही.

म्हातारे पोच घडी घालून वळले. त्यांच्या मागं धुरपतबाई उभी होती. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, कोपऱ्यातला स्टूल पुसून बसायला दिला, तांब्याभर पाणी दिलं. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली,

"भाऊ, त्या आजोबाच्या अर्जाची एक नक्कल मला बी पाह्यजे. फी किती?"