जमादार अप्पांची भाकरबंदी

तीन शिपाई आणि एक जमादार एका चौकीत ठेवले की गुन्हे कमी सापडतात आणि किस्से जास्त. निजामाच्या अमलात लोहाऱ्याकडच्या एका चौकीत मी शिपाई होतो. तिथलेच हे किस्से. वाढवून सांगायची मला सवय नाही.

आमचे जमादार शिवलिंगप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांना साखरेची बिमारी झाली आणि पोट एवढं सुटलं की सरकारी पट्टा लागेना. वरून हुकूम आला. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, मोठे साहेब येतील, तेव्हा पट्टा लागला नाही तर जमादारानं घरी बसावं.

अप्पा हकिमाकडं गेले. हकीम म्हणाला, "ज्वारी, तांदूळ, गूळ बंद. बाकी सगळं खा."

अप्पा म्हणाले, "बाकी समदं आमी भाकरीसंगंच खातो."

*

अप्पांचा स्वतःवर भरवसा नव्हता. त्यांनी आम्हाला हुकूम दिला, "माझ्या हातात भाकर दिसली की जप्त करा."

दुसऱ्याच दिवशी महबूब शिपायानं अप्पांच्या हातातून भाकरी ओढली. जप्ती म्हटली की पंचनामा आला. गावातून पंच बोलावले. ज्वारीची भाकरी, एका कडेनं खाल्लेली. फडक्यात बांधली, लाखेचं सील लावलं, मालखान्यात ठेवली.

मालखान्याची किल्ली जमादाराकडं असते. अप्पा दुपारभर किल्लीकडं बघत बसले. मग उठले आणि किल्ली विहिरीत टाकून आले.

संध्याकाळी चोरीची भांडी आत ठेवायची होती. कुलूप फोडावं लागलं. अप्पांनीच फोडलं, आणि फार घाईनं.

*

मग अप्पांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तोड काढली. "उपासाला भाकर चालत न्हाय. तुमी रोजच उपास धरा."

अप्पा शंकराचे भक्त. लगेच कबूल झाले. रोज भगर, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. पट्ट्याची दोन टोकं आणखी वीतभर लांब गेली.

अप्पा म्हणायचे, "एवढा कडक उपास चाललाय, तरी पोट ऐकंना."

*

एकदा गस्तीवर असताना एका शेतात हुरडा भाजत होते. अप्पा आगटीशी जाऊन बसले.

मी म्हणालो, "अप्पा, ही ज्वारीच हाय."

"अजून कोवळी हाय," अप्पा म्हणाले. "कोवळ्या पोरावर गुन्हा लागत न्हाय."

*

मुआयन्याचा दिवस. सकाळीच अप्पांच्या हातात भाकरी सापडली. महबूबनं ठेच्यासकट जप्त केली. सील लावून मालखान्यात ठेवली. मग आम्ही दोघांनी अप्पांना पट्टा ओढून लावला. अप्पांनी श्वास रोखला.

मोठे साहेब मोटारीतून उतरले. अंगानं अप्पांएवढेच. आल्या आल्या त्यांनी आपला डबा उघडला. आत नुसता उकडलेला दुधी. त्यांनी झाकण परत लावलं.

"जमादार, सब ठीक?"

अप्पांना तोंड उघडता येईना. मीच म्हणालो, "जी हुजूर."

साहेब मालखान्यात गेले. फडकं नाकाशी धरलं. "इसमें क्या है?"

मालखान्याचा जबाब जमादारानंच द्यायचा, असा कायदा. अप्पा म्हणाले, "ज्वारीची भाकर, हुजूर. ताजी हाय."

पट्ट्याचं बक्कल उडालं आणि भिंतीवर आदळलं.

साहेबांनी बक्कल उचलून पाहिलं. आम्हाला म्हणाले, "तुम बाहर ठहरो." दार आतून लागलं.

आम्ही उन्हात उभे. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. मोटारीत बसताना म्हणाले, "जमादार कायम. पट्टा छोटा है, बड़ा मँगवाओ."

आत फडक्याला नवं सील होतं. महबूबनं ते उचललं. फार हलकं लागलं.

"अप्पा, पंच बुलाऊँ क्या?"

अप्पांनी मिशीवरचा ठेचा पुसला. "नको. साहेबांनी जातीनं तपास केलाय."