पॅटीसची कतरन आणि आईची घडीची पोळी

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी बेकरीत वजनकाट्यावर कतरन मोजत होतो. सव्वा किलो भरली... खात्रीसाठी दोनदा मोजली.

कतरन म्हणजे पॅटीस कापल्यावर उरणाऱ्या पिठाच्या कडा. बोरगाव मेघेच्या या बेकरीत मी एका महिन्याच्या बोलीवर लागलो होतो. दहावीत गणित दोनदा राहिलं, त्यामुळे हे काम टिकणं फार गरजेचं होतं... आणि महिना शुक्रवारी संपणार होता.

त्यात आदल्या आठवड्यात माझी एक चूक झाली होती. वाया जाऊ नये म्हणून मी सगळी कतरन मळून छान गुळगुळीत गोळा केला आणि त्याचीच पॅटीस केली. एकही फुललं नाही... गिऱ्हाइकांकडून बारा परत आली.

मालक शंकरभाऊंनी त्यातलं एक टेबलावर आपटलं. "हे पॅटीस होय का फरशी बे? पुन्हा कतरन वाया घातली, तं घरीच बसजो."

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने बेकरीची भट्टी कधी पाहिलेली नाही. पोळी लाटता लाटताच म्हणाली, "घडीची पोळी लाटल्यावर पुन्हा मळते का कोणी? पदर कुठून राहीन मंग? येवढं कळत नाई तुले?"

खरंच कळलं नव्हतं...

म्हणून मंगळवारी मळलंच नाही. पट्ट्या एकावर एक सपाट रचल्या, हाताने दाबल्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मग लाटल्या. नव्या पिठाइतकं हे फुलत नाही, म्हणून पॅटीसचा नाद सोडला.

आत सांबार भरला... आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सोबत सुकं खोबरं, तीळ, तिखट, मीठ. सांबारवडीसारखीच गुंडाळी, फक्त तळायची नाही. अगदी बारीक तुकडे उरले, ते ओवा-मीठ लावून तसेच भाजले. चिवड्यात चांगले लागतात.

भट्टीत पंचवीस मिनिटं. मध्येच दार उघडलं की फुललेलं बसतं, म्हणून मी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालून उभा होतो.

शंकरभाऊंनी एक वडी तोडली. पदर सुटले, मिशीवर कण सांडले. लगेच दुसरी उचलली.

तेवढ्यात रोज पॅटीस नेणारे एक काका आले. "हे काय नवीन हो, भाऊ?"

"सांबारवडी होय, भट्टीतली. आमच्या पोरानं केली. खाऊन तं पाहा."

तोपर्यंत मी फक्त 'ते नवीन पोट्टं' होतो. मी पाठ फिरवून ट्रे पुसायला लागलो... ट्रे आधीच पुसलेला होता.

मी घरी निघालो तेव्हा भाऊ म्हणाले, "शनिवारी गर्दी राहते. सांबार दोन जुड्या जास्त आणजो."

महिना शुक्रवारी संपणार होता, आणि भाऊ शनिवारचं बोलत होते...

घरी करून बघा. पण तळलेली नाही म्हणून हलकी समजू नका, या पिठात वनस्पती तूप भरपूर असतं.

आईसाठी चार वड्या नेल्या. तिने एक नखाने उकलून पाहिली आणि म्हणाली, "राह्यले ना पदर!"

कतरन सव्वा किलो, उरली शून्य. आई, हे तुझ्यामुळे.