कानसेनचा ऐकण्याचा महिना

पहिल्या दिवसाची नोंद दोन वाक्यांची आहे. ‘चादर झटकली की आवाज होतो. मी चालताना पाय घासतो.’

वही चाळीस पानी, शाळकरी. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर मशीन लावा आणि रोज नवं काय ऐकू आलं ते लिहून आणा, म्हणजे मशीन कमीजास्त करता येईल. लिहिणाऱ्याची पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं नोकरी झालेली. त्याने आजवर जे काही लिहिलं ते एकाच साच्याचं होतं: गल्ली, खोली, पाइपाची जाडी, गळती कुठे. म्हणून वहीतसुद्धा दुसऱ्या दिवसापासून तो बऱ्याच आवाजांपुढे अंतर लिहीत होता. ‘फ्रिज. आठ फूट. मधूनमधून थांबतो. थांबला की जास्त कळतं.’

खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणतात. जमिनीखालची गळती ऐकून शोधणं हे त्याचं काम. त्यासाठी साडेचार फुटांची पोलादी सळई असते, वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि फुटक्या पाइपातून पाणी निसटताना जी थरथर वर येते ती ऐकायची. ती जिथे सर्वांत भरीव, तिथे खडूने फुली मारायची. मग मुकादम आणि त्याची माणसं खोदतात. फुली चुकली तर चार फुटांचा खड्डा कोरडा निघतो आणि फुली मारणाऱ्याला पुढचे आठ दिवस तोंड लपवायला जागा राहत नाही. कानसेनचा नऊ वर्षांत एकही खड्डा कोरडा गेला नव्हता.

वाटी मात्र तो कानाला लावत नसे. कानामागच्या हाडाला, नाहीतर जबड्याला लावायचा. हे कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता येत नाही. लोकांना वाटे, हीच त्याची खुबी. दोन नव्या कामगारांनी त्याची नक्कल करून पाहिली.

“काय ऐकू आलं?” मुकादमाने विचारलं.

“मोटारसायकल,” एक म्हणाला. दुसऱ्याला शेजारच्या दुकानाचं शटर ऐकू आलं होतं.

घरची तक्रार वेगळी होती. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “ह्यांना जमिनीखाली चार फूट ऐकू येतं. चार फुटांवरची बायको तेवढी ऐकू येत नाही.” लोक हसायचे, तोही हसायचा. नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा काही कुणी आजार मानत नाही. शिवाय बहिरा माणूस मोठ्याने बोलतो अशी सगळ्यांची समजूत, आणि हा तर इतका हळू बोलायचा की समोरच्यालाच कान पुढे करावा लागे.

मग दीड महिन्यापूर्वी तो रस्त्यावर सळई धरून वाकलेला असताना मागून एक ट्रक उलटा येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दोन्ही बाजूंचे दुकानदार ओरडत होते. मुकादमाने धावत जाऊन त्याला कॉलर धरून ओढलं, तेव्हा मागचं चाक आणि त्याची टाच यांत वीतभर अंतर होतं. कानसेनने आधी मुकादमालाच झापलं, “अरे, आवाज आता कुठे लागत होता!”

हा प्रसंग साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी कागद काढला: कान तपासून घ्यावेत, ऐकू येत असल्याचा दाखला महिन्याभरात आणावा, तोवर आणि त्यानंतरही रस्त्यावर मशीन लावल्याशिवाय उभं राहू नये. नाही जमलं तर गोदामात व्हॉल्व्ह रचून ठेवायचं काम. गोदामाला एक खिडकी आहे, तीही भिंतीकडे उघडते. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या, जन्मभर रस्ते ऐकत फिरलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा साहेबांना मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

डॉक्टरांनी दोन पात्यांचा एक लोखंडी काटा टेबलावर आपटला आणि कानासमोर धरला.

“ऐकू येतंय?”

“आधी वाजवा तरी.”

“वाजवलाय.” मग त्यांनी त्याच काट्याची दांडी त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवली. कानसेन खुर्चीत ताठ झाला.

“बारीक पाइप आहे,” तो म्हणाला. “भोकही लहान.”

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. कानात तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं. त्याचं ते हाड गेली पंचवीसेक वर्षं हळूहळू जखडत आलं होतं. हवेतून आलेला आवाज तिथेच अडत होता. हाडातून आलेला मात्र थेट आत पोचत होता, आणि आतला कान ठणठणीत होता. स्वतःचा आवाजही हाडातूनच कानात घुमायचा, म्हणून तो हळू बोलायचा. सगळा रस्ता कानाबाहेर अडवलेला आणि आत फक्त सळई. नऊ वर्षांत एकही खड्डा कोरडा का गेला नाही, त्याचं कारण हे होतं.

कानसेनने ते चित्र जवळ ओढलं. “म्हणजे ही बाकीची मंडळी एवढ्या गोंगाटात ऐकत होती?” त्याने विचारलं. त्याला स्वतःच्या बहिरेपणापेक्षा सहकाऱ्यांचं नवल वाटलं होतं.

मशीन लावलं आणि महिना सुरू झाला. वही वाचताना जाणवतं की हा माणूस मोठ्या आवाजांवर फारसं लिहीत नाही. हॉर्न, शटर, ध्वनिक्षेपक यांना एकेक शब्द. ‘आहेत.’ पण चौथ्या दिवशी अर्धं पान पेन्सिलीवर आहे. लिहिताना पेन्सिल आवाज करते, रेघ ओढताना वेगळा आणि टिंब देताना वेगळा, हे त्याला ती नोंद लिहिता लिहिताच कळलं. पाचव्या दिवशी तांदूळ डब्यात ओतताना सुरुवातीला आवाज जाड येतो आणि डबा भरत आला की बारीक होत जातो, म्हणून त्याने बायकोला तेच तांदूळ तीनदा ओतायला लावले. चौथ्यांदा तिने डबाच त्याच्या हातात दिला. सहाव्या दिवशी पत्र्यावर कबुतर चाललं. ‘नखं वाजतात,’ एवढंच लिहिलंय आणि त्याखाली रेघ ओढली आहे. चष्मा मिटल्याचा आवाज, शर्टाचं बटण काजातून जाताना होणारा आवाज, पाणी उकळायच्या आधी भांड्याच्या बुडाशी होणारी कुरकुर. “गप्प असं काही नसतंच,” तो मुकादमाला म्हणाला. मुकादम म्हणाला, “तू होतास की.”

सातव्या दिवशी बायको कांदा चिरत होती आणि गुणगुणत होती. कानसेन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“हे काय चाललंय?”

“कांदा चिरतेय. दिसत नाही का? आता डोळ्यांचंही मशीन आणायचं?”

“ते नव्हे. गाणं.”

तिने सुरी खाली ठेवली. “रोजच म्हणते.”

“कधीपासून?”

“लग्नाआधीपासून.”

त्याने वहीत लिहिलं: ‘बायको. सात फूट. रोज.’ पुढे काही लिहायला घेतलं होतं, ते खोडलेलं आहे.

बायकोची मात्र वेगळीच अडचण झाली. ती वर्षानुवर्षं भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटत आली होती. नवरा, सासर, शेजारीण, कुणालाही सोडत नव्हती, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. आता बाहेरच्या खोलीतून उत्तर येऊ लागलं. “असं कसं म्हणतेस? आत्याने परत केली होती ती पातेली.” तिने कपाळाला हात लावला. “अहो, स्वतःच्या घरात मनातलं बोलायची सोय राहिली नाही मला!” त्या आठवड्यात दोघं जितकं भांडली तितकं त्याआधीच्या दहा वर्षांत भांडली नसतील. हेही वहीत आहे, तक्रारीच्या सुरात नाही.

दहाव्या दिवशी घोटाळा झाला. एका चिंचोळ्या गल्लीत वरच्या मजल्यांना पाणी चढत नव्हतं. सकाळी सहाला कानसेन मशीन लावून गेला, सळई टेकवली, वाटी जबड्याला लावली. आवाज स्वच्छ होता. त्याने न कचरता फुली मारली. मुकादमाने चार फूट खोदलं. माती खडखडीत कोरडी, पाइप शाबूत. आणखी दोन फूट लांब खोदलं, तीच गत. गल्लीतले लोक गॅलऱ्यांतून बघत होते. शेवटी मुकादमाने मान वर केली आणि खड्ड्याशेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. आत टाकी भरत होती आणि टाकीच्या तरंगत्या बॉलच्या झडपेतून पाणी सूं करत होतं. कानसेनने ऐकलं ते पाणीच होतं. पण ते जमिनीखालचं नव्हतं, खिडकीतलं होतं, आणि सळईतून नव्हे तर मशीनमधून आलं होतं. इतकी वर्षं त्याला हे दोन वेगळे करावे लागलेच नव्हते. पाण्याचा आवाज आला म्हणजे तो खालूनच आला, याची त्याला इतकी सवय होती की शंकाही आली नाही.

खड्डा बुजवला. त्या दिवशीची नोंद: ‘चूक.’

पुढचे अठरा दिवस त्याने एकही फुली मारली नाही. सळई टेकवायचा, ऐकायचा, उठून पुढे जायचा. मशीन लावलं की सगळा रस्ता जबड्यात उतरे. मशीन काढलं तर फुली अचूक पडली असती, पण ट्रक ऐकू आला नसता. घरी परसातल्या नळावर त्याने हे दोनदा पडताळून पाहिलं होतं.

“काढ ना क्षणभर,” मुकादम म्हणाला. “कोण बघतंय? मी उभा असतो.”

“कागद आहे साहेबांचा. आणि घरी शब्द दिलाय.”

“तुला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं रे,” मुकादम म्हणाला. “नऊ वर्षं मी तुझ्या रहदारीच्या बाजूला उभा राहतोय. तुला काय वाटलं, सावलीसाठी?”

त्या दिवशीची नोंद वहीतली सर्वांत लांब आहे आणि तीत आवाजाचा उल्लेख नाही.

एकोणतिसाव्या दिवशी साहेब स्वतः त्या चिंचोळ्या गल्लीत आले. वरच्या मजल्यांना अजून पाणी नव्हतं आणि लोक कचेरीत येऊन बसू लागले होते. सकाळचे साडेसात वाजले होते. उद्या दाखल्याचा दिवस, आणि अठरा दिवसांत एकही फुली नाही म्हणून गोदामात जायचा हुकूम साहेबांच्या टेबलावर टाइप होऊन पडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

“साहेब, मशीन काढून एकदा ऐकू द्या,” कानसेन म्हणाला.

“काढायचं नाही असं मीच लिहून दिलंय. उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू?”

“तो कागद रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ना?” मुकादम मधेच म्हणाला. “मग गाड्याच थांबवा की. गाडी नाही तर भीती कसली?”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. इतका सोपा उपाय माणसाला आधी सुचत नाही आणि दुसऱ्याने सांगितला की राग येतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी खात्याच्या टँकरवाल्याला हात केला. टँकर गल्लीच्या तोंडाशी आडवा लागला. दुसऱ्या टोकाला मुकादमाने हातगाडी आणि स्वतःला उभं केलं.

कानसेनने मशीन काढून बायकोने शिवलेल्या छोट्या पिशवीत ठेवलं. पहिल्या ठिकाणी तो अर्धा मिनिट वाकून राहिला, उठला, सहा पावलं गेला. पुन्हा वाकला. असं आठ वेळा. गॅलऱ्यांतून लोक पाहत होते, टँकरपलीकडे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं, आणि त्याला त्यातलं काही लागत नव्हतं. आठव्या ठिकाणाहून तो दोन पावलं मागे आला, मग एक पाऊल डावीकडे. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीसमोर त्याने फुली मारली. जुना खड्डा तिथून अकरा फुटांवर होता.

तीन फुटांवर माती ओली लागली. मुकादमाने कुदळ टाकून हाताने माती काढली. पाइपाच्या सांध्याला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून पाणी कागदासारखं पातळ उभं राहिलं होतं.

साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. “यापुढे रस्ता बंद करूनच ऐकायचं,” ते म्हणाले. “सगळ्यांनीच. आजच तसं लिहून काढतो. आणि तुमचा तो गोदामाचा कागद फाडतो.” कानसेनला ते ऐकू गेलं नाही. मुकादमाने खाणाखुणा करून सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवली, पिशवीतून मशीन काढून कानाला लावलं आणि खड्ड्यात उतरला.

मुकादम सांध्यावर क्लॅम्प चढवायला पुढे झाला.

“थांब,” कानसेन म्हणाला.

नोकरीच्या पहिल्या एकदोन वर्षांत त्याने हा आवाज हवेतून ऐकला असेलही, पण त्याला तो आठवत नव्हता. गळती म्हणजे त्याच्या लेखी जबड्यातली एक जड, खोल घरघर होती. तिच्या मागे तो सव्वीस वर्षं गल्लोगल्ली फिरला होता. इथे मात्र चिरेतून येत होता तो आवाज अगदी बारीक होता, वर चढणारा, कडेला किंचित थरथरणारा.

“हा तो?” त्याने विचारलं.

“हाच. मग काय?” मुकादम म्हणाला. “पाणी वाया चाललंय बाबा. लावू का आता?”

“एक मिनिट.”

वर साहेबांनी घड्याळ पाहिलं. कानसेन चिखलात गुडघे टेकून कान पाइपाजवळ नेत होता, लांब करत होता, पुन्हा जवळ नेत होता. मुकादम क्लॅम्प हातात धरून उभा राहिला आणि मिनिटाची तीन मिनिटं झाली.