झेरॉक्सताई जिन्यावर

झेरॉक्सताईंना नोकरीवरून काढलं, ही बातमी लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली. सकाळपासून प्रयोगशाळेच्या जिन्यावर बसल्यात म्हणे, तोंड एवढंसं करून. बातमी अर्धीच खरी होती. ताई जिन्यावर होत्या, पण नोकरी शाबूत होती. आत यंत्रात त्यांच्या मुलाचा नमुना होता, आणि नात्यातल्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच नवख्यांना दरडावून शिकवलेला!

टोपणनाव इमारतीनं बहाल केलेलं. काम काय, तर डीएनएच्या नकला काढणं. डीएनए म्हणजे एकमेकींना बिलगलेल्या, अक्षरांनी ओवलेल्या दोन दोऱ्या. यंत्र तापलं की त्या सुटतात. निवलं की प्रत्येकीसमोर एकेक अक्षर लावून नवी जोडीदारीण तयार होते. ए समोर टी, सी समोर जी. दुसरं कुणी तिथं खपत नाही. एका जोडीच्या दोन, दोनाच्या चार. शरीरातल्या पेशीही हेच करतात, फक्त शेगडीशिवाय. मुळात अक्षर चुकलेलं असेल, तर तेही इमानेइतबारे उतरवतात.

मुलगा हल्ली तिन्हीसांजेला दाराच्या चौकटीला धडकायचा. घरात सगळे हसत, वेंधळा म्हणत. ताई हसत नसत. त्यांच्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आता तो भिंत चाचपत चालतो. ताईंकडे नजरेच्या त्या मजकुराच्या दोन प्रती, एक धड, एक चुकलेली. धड प्रतीच्या जिवावर त्यांची नजर टिकली. मुलग्याला मात्र ही प्रत एकच मिळते, तीही आईकडूनच. मुलाकडे कुठली गेली?

दुपारी हाताखालची मुलगी बाहेर आली.

"ताई, चहा आणू?"

हिनं आजवर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ताई काय ते समजल्या.

"मामाचीच चूक ना?"

"पुन्हा लावून बघू का?"

"लाव. तेच येईल."

घरी सासूबाई दारातच उभ्या. निकाल ऐकताच म्हणाल्या, "तुझंच यंत्र, तुझ्याच हाताखालची पोर. जरा सांभाळून घे म्हणायचंस की तिला!"

"यंत्र वाचून दाखवतं, आई. बदलत नाही."

आत मुलगा दिव्याचं बटण शोधत भिंतीवरून हात फिरवत होता. ताईंचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

सासूबाईंना रडू आवरेना. "जगाच्या नकला काढतेस, आणि पोटच्या पोराची एक नीट काढता आली नाही तुला?"

"नक्कल अगदी नीट निघाली, आई. तीच तर अडचण आहे."