ससोबा आणि बाहुलीकाकांचा पंजा

बाहुलीकाकांचा सगळा राग साबणावर होता. खेळातल्या हातबाहुल्या घट्ट होत चालल्या, म्हणजे त्या धुऊन धुऊन आटल्या, एवढं सरळ! पडद्यामागे ससोबात, म्हणजे सशाच्या बाहुलीत, पंजा कोंबताना त्यांच्या तोंडाला फेस यायचा. शिवण उसवायची, काकू ती पुन्हा घालायच्या. त्यात काकांचा आवाज असा जाडावला की सशाच्या तोंडून रेडा बोलू लागला. पोरं खदाखदा हसायची, म्हणून काकांना वाटायचं, सगळं झकास चाललंय.

शेवटी काकूंनीच मापाची टेप त्यांच्या पंजाभोवती गुंडाळली. "बाहुल्या नाही हो आटल्या. तुम्ही वाढलाय!"

"या वयात?"

"चपला पुरत नाहीत, दातांत फटी पडल्यात, आणि घोरण्याचं तर विचारूच नका. चला डॉक्टरांकडे."

डॉक्टरबाईंनी काकांचा जुना फोटो त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला. मग रक्ताच्या तपासण्या आणि डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. काकांच्या त्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती वाढीचं हार्मोन नको तेवढं सोडत होती.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण तशीच ठेवली तर साखर, रक्तदाब, हृदय, सगळ्यांनाच त्रास. नाकावाटे जाऊन काढता येते. थोडी उरलीच, तर औषधं आहेत."

"ते ठीक. पण माझा हात ससोबात जाईल ना?"

बाई हसल्या नाहीत. "सूज उतरेल, काका. रुंदावलेलं हाड मात्र मागे फिरत नाही."

हे काकांना फार लागलं. ससाच गेला तर खेळात उरलं काय? नुसता तो ढगळ लांडगा!

ऑपरेशन छान झालं. नाक शिंकरायला बंदी, शिंक आली तर तोंड उघडून. काकांच्या शिंकांनी वॉर्ड दणाणला. हळूहळू डोकेदुखी थांबली, बोटं सैलावली, हार्मोन ताळ्यावर आलं. घरी एकदा त्यांनी भीतभीत ससोबा हातात घातला. बोटं गेली, अंगठा मुळाशी अडला.

काकूंनी ससोबा काढून आपल्या हातात चढवला. "लांडगा तुम्ही व्हा."

पहिल्याच खेळात लांडगा गुरगुरला, "सश्या, तुला खाऊ का?"

ससा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "खा की! पण आधी सकाळची गोळी घेतलीत का?"

पोरं लोळायला लागली. इतकी वर्षं ससा काय बोलणार, हे काकांना आधीच ठाऊक असायचं. आज तो भलतंच बोलला, आणि पडद्यामागे लांडगा पोट धरून हसत सुटला.